थांबविण्याची कळ

बोलावें कसें हें शिकविणारे गुरु पुष्कळ मिळतात. परंतु थांबावें कोठें हें शिकविणारा विरळा. ही गोष्ट माणसांविषयीं जितकी खरी, तितकीच आतां यंत्रांविषयींही खरी ठरूं लागली आहे. शाळेंत, घरांत, स्टेशनावर, बँकेंत, खिशांतल्या मोबाइलवर, जिकडे पाहावें तिकडे यंत्रें बोलूं लागलीं आहेत. तीं स्पष्ट बोलतात, न थकतां बोलतात आणि सांगाल तितक्या वेळां तेंच तें बोलतात. पण "जरा थांब" असें म्हटलें असतां तीं थांबतात काय? या प्रश्नाकडे विद्यार्थ्यांचें व त्यांच्या पालकांचें लक्ष वेधावें, एवढ्याचसाठीं हा लेख लिहीत आहें.

प्रसंग लहानसाच आहे. सुमारें एक वर्षापूर्वीं आमच्या शाळेंत मराठीचे धडे मोठ्यानें वाचून दाखविणारी एक आज्ञावली आणण्यांत आली. आज्ञावली म्हणजे ज्याला आपण नित्याच्या बोलण्यांत प्रोग्राम म्हणतों तो. आवाज गोड, उच्चार स्वच्छ. आठवीच्या वर्गांत ती प्रथम लावली तेव्हां मुलें खूष झालीं आणि, खरें सांगावयाचें तर, माझ्या घशालाही थोडी विश्रांति मिळाली. त्या वर्गांत एक दृष्टिहीन विद्यार्थी आहे. हें साधन मुख्यतः त्याच्या उपयोगीं पडेल, अशी आम्हां शिक्षकांची अपेक्षा होती. पण आठवड्यानें पाहतों तों तो हेडफोन काढून, हात बांधून स्वस्थ बसलेला!

"काय रे, कंटाळलास?" मीं विचारलें.

"नाहीं सर," तो म्हणाला, "धडा चांगला आहे. पण हें मला विचार करूं देत नाहीं. एखादा शब्द अडला कीं मी तेथेंच राहतों आणि हें आपलें पुढें जातें. परिच्छेद संपेपर्यंत कोणतीही कळ दाबा, ऐकतच नाहीं."

मीं स्वतः ती कळ दाबून पाहिली. एकदां दाबली, दोनदां दाबली. आवाजानें शांतपणें आपला परिच्छेद पुरा केला आणि मगच तो थांबला. पुन्हां सुरू केला तेव्हां धडा पहिल्या ओळीपासून चालूं झाला! ज्याला आम्हीं उपकार समजत होतों, तो त्या मुलाच्या बाबतींत एक प्रकारचा जुलूम होता, हें त्या दिवशीं माझ्या ध्यानांत आलें.

डोळस माणूस वाचतांना किती वेळां थांबतो, याची त्याला स्वतःलाच जाणीव नसते. कठीण शब्द आला कीं दृष्टि घुटमळते. वाक्य लांबलें कीं ती मागें जाते. एखादा विचार मनास भिडला कीं नजर पुस्तकावरून उठून खिडकीबाहेर लागते आणि सावकाश त्याच ओळीवर परत येते. तोंपर्यंत पुस्तक बिचारें वाट पाहत राहतें. डोळ्याला पापणी आहे, कानाला ती नाहीं. म्हणून जो कानानें वाचतो त्याच्या हातीं थांबविण्याची कळ हवी. ती काढून घेतली तर त्याचें वाचन संपतें आणि मुकाट्यानें ऐकून घेणें तेवढें उरतें.

अंध बांधवांच्या शिक्षणाचा इतिहास पाहिला तर त्यांतही हीच गोष्ट आढळून येते. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनीं १९०० सालीं मुंबईंत अंध मुलांसाठीं शाळा काढली. तीच पुढें दादरची अंधशाळा म्हणून ओळखली जाऊं लागली. ब्रेल लिपीचे ठिपके उठावाचे असतात व त्यांवरून वाचणाराचें बोट फिरतें. तें हवें तेथें थांबतें, मागें येतें, पुढें सरतें. म्हणजे ब्रेल वाचणारा हा आपल्या वाचनाचा धनी असतो. नंतर बोलकीं पुस्तकें आलीं. १९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें लहान कॅसेट जगापुढें आणली आणि कालांतरानें ग्रंथच्या ग्रंथ फितीवर बोलूं लागले. कॅसेटीला थांबविण्याची कळ होती. पण सातवें प्रकरण कोठें आहे असें विचारलें तर फीत पुढें-मागें पळवीत बसण्यावांचून गत्यंतर नसे.

ही अडचण जाणून अनेक देशांतील बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयांनीं १९९६ सालीं 'डेझी' या नांवाचा संघ स्थापन केला. त्या संघाच्या पद्धतींत ध्वनि आणि पुस्तकाची रचना यांची सांगड घातलेली असते. ऐकणारास पुढच्या प्रकरणावर, पुढच्या पानावर किंवा पुढच्या परिच्छेदावर एका कळीनें जातां येतें. खूण ठेवून उद्यां तेथूनच आरंभ करतां येतो. आपल्या जवळ, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत, दृष्टिहीनांसाठीं २००३ सालीं एक साधनकेंद्र स्थापन झालें. आणि २०१६ सालीं 'सुगम्य पुस्तकालय' हें देशभरच्या दृष्टिहीन वाचकांचें ग्रंथालय संगणकाच्या द्वारें खुलें झालें.

परंतु या सर्वांत मला विशेष वाटतें तें एनव्हीडीए नांवाच्या पडदावाचक आज्ञावलीचें. संगणकाच्या पडद्यावर जें असेल तें ती वाचून दाखविते. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणानें २००६ सालीं ती लिहिण्यास आरंभ केला आणि जेम्स टेह हा त्याचा दृष्टिहीन मित्र त्याला येऊन मिळाला. ती विनामूल्य मिळते व मराठीही वाचते. तिच्यांत कंट्रोल ही कळ दाबतांच आवाज तत्काळ बंद होतो. शिफ्ट दाबली तर तो थबकतो आणि तीच पुन्हां दाबली कीं त्याच जागेवरून पुढें चालूं लागतो. बंद करणें निराळें आणि थबकविणें निराळें, हा भेद या दोघांना कोणी शिकवावा लागला नाहीं. साधन वापरणारांनींच तें घडविलें, तेव्हां थांबविण्याची कळ अगदीं हाताखालच्या जागीं आली.

मग आमच्या शाळेंतील आज्ञावली कां थांबेना? दोष यंत्राचा कीं यंत्रास आज्ञा देणाराचा? मीं हा प्रश्न आमच्या संगणकशिक्षकांस केला. त्यांनीं उत्तर देण्याऐवजीं तो नववीच्या मुलांपुढें ठेवला आणि सांगितलें, "तुम्हींच धडा वाचणारी आज्ञावली रचा, म्हणजे कळेल."

मुलांनीं स्क्रॅच घेतलें. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठानें २००७ सालीं मुलांसाठीं काढलेली ही भाषा आतां पुष्कळ शाळांतून शिकविली जाते. तिच्यांत आज्ञांचे रंगीत ठोकळे एकाखालीं एक जोडावयाचे असतात. एका मुलीनें धडा आपल्या आवाजांत वाचून मुद्रित केला. 'प्ले साउंड अन्टिल डन' हा ठोकळा घेतला, त्याच्याखालीं 'कळ दाबली आहे काय?' हा प्रश्न जोडला, आणि आज्ञावली चालूं केली. काय आश्चर्य! मुलांची आज्ञावलीही विकतच्या आज्ञावलीप्रमाणेंच हट्टी निघाली. कारण त्या ठोकळ्याचा अर्थच असा कीं, 'आवाज संपेपर्यंत वाजव आणि तोंवर खालच्या आज्ञेकडे वळूं नको.' कळ दाबली गेली होती. पण ती दाबली गेली काय हें विचारण्याची पाळी धडा संपल्यावर आली.

मग मुलांनीं 'स्टार्ट साउंड' हा दुसरा ठोकळा घेतला. हा आवाज चालूं करून देतो आणि लागलीच पुढच्या आज्ञेकडे वळतो. आतां आज्ञावली एकीकडे बोलत होती आणि दुसरीकडे कळ दाबली जाते काय हें सतत पाहत होती. कळ दाबतांच 'स्टॉप ऑल साउंड्स' ही आज्ञा सुटली आणि वर्गांत एकदम शांतता पसरली. त्या शांततेला मुलांनीं टाळ्या वाजविल्या!

पण एवढ्यानें काम भागलें नाहीं. स्क्रॅचमध्यें आवाज मधेंच थबकवून तेथूनच पुढें चालविण्याचा ठोकळा नाहीं. पुन्हां आरंभ केला कीं पहिल्या शब्दापासून. तेव्हां एका मुलानें युक्ति काढली. सबंध धडा एका ध्वनींत न ठेवतां त्याचीं वाक्यें निरनिराळीं करावींत, प्रत्येकास क्रमांक द्यावा, आणि कितवें वाक्य चालूं आहे तो आंकडा जपून ठेवावा. थांबविल्यावर पुन्हां चालूं केलें कीं त्याच वाक्याच्या आरंभापासून वाचन सुरू! ही युक्ति यंत्राच्या अडचणींतून निघाली खरी. पण ऐकणाराच्या दृष्टीनें ती अधिकच सोयीची ठरली. शब्दाच्या मध्यावर तुटलेला आवाज शब्दाच्या उरलेल्या अर्ध्यापासून सुरू झाला तर अर्थ लागत नाहीं. वाक्य पहिल्यापासून ऐकलें कीं तुटलेला धागा आपोआप जुळतो.

आणखी एक चूक मुलांना सांपडली. 'पुढचें वाक्य' ही कळ घाईघाईनें दोनदां दाबली तर पहिला आवाज चालूं असतांच दुसरा सुरू होई आणि एकाच मुलीचे दोन आवाज एकमेकांवर चढत. तेव्हां नियम झाला कीं, नवा आवाज काढण्यापूर्वीं जुना थांबवावा. आमच्या घराघरांतील संभाषणांसही हा नियम लागू करावा असें मला वाटून गेलें, असो.

या निमित्तानें संगणकशिक्षकांनीं मुलांना ध्वनीचें आणखी थोडें रहस्य सांगितलें. संगणकांत ध्वनि हा आंकड्यांच्या रूपानें राहतो. संगीताच्या कॉम्पॅक्ट डिस्कवर एका सेकंदास ४४,१०० असे नमुने नोंदलेले असतात. आज्ञावली हे आंकडे एकेक करून पुढें देत नाहीं. ती ते थोडे थोडे एका सांठवणींत भरते आणि तेथून ते ध्वनिक्षेपकाकडे जातात. आपल्या नवी मुंबईस मोरबे धरणाचें पाणी येतें. तिकडची झडप बंद केली म्हणून आपल्या स्वयंपाकघरांतला नळ त्याच क्षणीं कोरडा पडतो काय? गच्चीवरची टाकी रिती होईपर्यंत तो वाहतच राहतो. तसेंच येथेंही. आज्ञावली थांबली तरी सांठवणींतला आवाज कांहीं काळ वाजत राहतो. म्हणून थांबविण्याच्या आज्ञेबरोबर ती सांठवणही रिकामी करावी लागते. शिवाय ध्वनीची लाट मध्यावरच कापली तर 'टक्' असा कर्कश आवाज येतो. तो टाळण्यासाठीं जाणते कारागीर सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याइतक्या अल्प काळांत आवाज उतरवीत नेऊन मग बंद करतात. म्हणजे नीट थांबविणें हें सुद्धां एक कौशल्याचें काम आहे. तें आपोआप होत नाहीं. कोणी तरी ऐकणाराची आठवण ठेवून तें करावें लागतें.

मोबाइलच्या रचनेंत ही आठवण बऱ्याच अंशीं ठेवलेली दिसते. गाणें चालूं असतां फोन आला कीं गाणें थबकतें आणि बोलणें संपल्यावर पुन्हां सुरू होतें. रस्ता दाखविणारा आवाज बोलूं लागला कीं गाणें खालच्या पट्टींत जातें. अँड्रॉइडच्या यंत्रांत बोलूं इच्छिणारी आज्ञावली आधीं परवानगी मागते, आणि दुसरीस ती मिळाली कीं पहिलीनें गप्प बसावें किंवा आवाज उतरवावा असा संकेत आहे. सभेंत अध्यक्षांची परवानगी घेऊन बोलावें, तशीच ही रीत.

ऐकणारालाही हक्क आहे, ही गोष्ट कायद्यानेंही मानली आहे. आपल्या देशांत २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत उघड्या जागेंतील ध्वनिक्षेपकांवर बंधन घातलें. संगणकाच्या जगांत आंतरराष्ट्रीय वेब-संघानें डिसेंबर २००८ मध्यें नियम ठरविला कीं, एखाद्या पानावर आपोआप सुरू झालेला आवाज ३ सेकंदांहून अधिक चालणार असेल, तर तो थांबविण्याचें अगर निराळा कमी करण्याचें साधन वाचणाराच्या हातीं असलेंच पाहिजे. हे ३ सेकंद कां? ज्याचा संगणक त्याला पान वाचून दाखवीत असतो, त्याच्या कानांत दुसरा आवाज घुसला तर वाचणारा आवाज बुडून जातो आणि बंद करण्याची कळ कोठें आहे हेंही ऐकूं येत नाहीं. पुढें २०१८ सालीं गुगलच्या क्रोमनें न मागतां मोठ्यानें वाजूं लागणाऱ्या चित्रफितींना बहुतेक ठिकाणीं अटकाव केला. आपल्या २०१६ च्या दिव्यांगजन-हक्क कायद्यांतही ध्वनि, मुद्रण व विद्युत्-माध्यमांतील मजकूर सर्वांना सुलभ व्हावा असें सांगितलें आहे.

आतां यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचारी पालकांकडूनच येईल. ते म्हणतील, "मास्तर, आमच्या लहानपणीं रेडिओ लागे. तो कोणासाठीं थांबत नसे. म्हणून आम्ही कान देऊन ऐकण्यास शिकलों. मुलांच्या हातीं थांबविण्याची कळ दिली तर तीं अवघड धडा थांबवितील आणि खेळावयास पळतील." हा आक्षेप पोकळ नाहीं. शेवटपर्यंत ऐकून घेण्याचा संयम हा मोठा गुण आहे, आणि सध्यांच्या मुलांत तो कमी होत चालला आहे हेंही मला मान्य आहे. रेल्वेच्या फलाटावरील सूचना किंवा वादळाचा इशारा यांसारखे कांहीं आवाज कोणा एकाच्या लहरीनें थांबूं नयेत, हेंही उघड आहे.

परंतु पळून जाण्यासाठीं थांबणें आणि समजून घेण्यासाठीं थांबणें यांत फार अंतर आहे. माझ्या लहानपणीं घरीं कॅसेटचा टेपरेकॉर्डर होता. एखादें गीत उतरवून घ्यावयाचें म्हणजे एक ओळ ऐकावी, कळ दाबावी, लिहावी, चुकलें तर मागें जावें, पुन्हां ऐकावें. त्या कळीनें आम्हांस आळशी केलें नाहीं. एका ओळीकडे चार वेळां कान द्यावयास लावलें. उलट आज मुलांचें लक्ष जें विस्कटतें, तें त्यांना थांबवितां येतें म्हणून विस्कटत नाहीं. एक चित्रफीत संपली कीं न विचारतां दुसरी सुरू होते, दुसरी संपली कीं तिसरी. तेथें थांबण्याचा क्षणच मुलाच्या वांट्यास येऊं नये अशी योजना केलेली असते. ज्या मुलास योग्य ठिकाणीं थांबविण्याची संवय लागली आहे, तेंच अशा प्रवाहांत पाय रोवून उभें राहील.

म्हणून पालकांना माझी विनंती अशी आहे. मुलासाठीं बोलणारें कोणतेंही साधन घेण्यापूर्वीं तीन गोष्टी स्वतः करून पाहाव्या. एक, आवाज चालूं असतां एकच कळ दाबून तो तत्क्षणीं थांबतो काय? दोन, पुन्हां चालूं केल्यावर तो थांबला होता तेथूनच, निदान त्याच वाक्यापासून, सुरू होतो काय? तीन, डोळे मिटून ती कळ सांपडते काय? या तीन परीक्षांस पांच मिनिटें पुरतात. शाळेनेंही यापुढें हीच कसोटी लावावी असें मीं शिक्षकसभेंत मांडलें आहे. आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं कित्येकजण पुढें आज्ञावली लिहिण्याच्या व्यवसायांत जातील. ऐरोलीपासून बेलापुरापर्यंत त्या उद्योगाच्या इमारती तुम्ही रोज पाहतां. तेथें बसून तुम्ही यंत्राला बोलावयास शिकवाल, तेव्हां प्रथम त्याला थांबावयास शिकवा. आणि तुमचें काम कोणी डोळे मिटून वापरीत असेल, हें विसरूं नका.

नववीच्या मुलांची ती आज्ञावली अजून ओबडधोबडच आहे. आवाज कोठें लहान, कोठें मोठा. मधून बाहेरच्या कावळ्याचें ओरडणेंही ऐकूं येतें. तरी आमचा तो दृष्टिहीन विद्यार्थी तीच मागून घेतो. गेल्या आठवड्यांत तो वाचत असतां मी शेजारीं उभा होतों. तिसऱ्या वाक्यावर त्यानें कळ दाबली. क्षणभर तो गप्प राहिला आणि मग माझ्याकडे तोंड वळवून म्हणाला, "सर, या शब्दाचा अर्थ काय?"

मीं अर्थ सांगितला. त्यानें मान हलविली, कळ दाबली, आणि वाचन पुढें सुरू झालें.